बरोबर बसलेलं घड्याळ

“सांभाळ गं ब्लांका, त्या झग्याची बटणं लागावीत म्हणून मी महिनाभर नुसत्या संत्र्यांवर काढला होता,” असं तिची नणंद मेर्चे नाताळच्या जेवणात म्हणाली होती. तोंडात बदामाची वडी होती, त्यामुळे शब्द अर्धे विरघळूनच बाहेर आले, आणि सगळं टेबल हसलं. मेर्चेही हसली. ब्लांकाही हसली, कारण सासरच्या टेबलावर कशाला हसायचं आणि कशाला नाही हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला नीट उमगलेलं नव्हतं, आणि हसणं त्यातल्या त्यात बिनधोक होतं. “आमची नुरिया मुळातच बारीक आहे,” ती म्हणाली, आणि ताटातला माशाचा काटा कडेला सारावा तसं ते बोलणं तिनं कडेला सारलं. मग एप्रिलातल्या एका शनिवारी सेन्योर एलादिओच्या घड्याळाच्या दुकानात काचेच्या पेटीपुढे उभी असताना तिला ते शब्दन्‌शब्द आठवलं, वडीच्या भुग्यासकट.

झालं होतं एवढंच, की घड्याळ घसरलं. ब्लांकाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं, नुरियाचं, पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सण, मे महिन्यात होतं. कम्युनियनला मुलांना घड्याळ द्यायचं असतं आणि ते बाप्तिस्म्यात नेमलेल्या धर्ममातेनं द्यायचं असतं. नुरियाची धर्ममाता म्हणजे तिची आजीच, ब्लांकाची सासू, याया विसेंता, त्यामुळे घड्याळ कुठलं, कुणाकडून आणि केवढं हे ठरवण्याचा हक्क विसेंताचा होता आणि तो तिनं कुणाला चाखूही दिला नव्हता. झगा तर ठरलेलाच होता, आधी विसेंतानं आणि मग मेर्चेनं आपापल्या कम्युनियनला घातलेला. या घरात रीत अशी, की जानेवारीत तीन राजांच्या सणाला घड्याळ मुलीच्या हातावर चढवून बघायचं, माप पक्कं करायचं, आणि मग सणाच्या दिवसापर्यंत दुकानातच पेटीत बंद. जानेवारीत ते छान बसलं होतं. तपकिरी कातडी पट्टा, लहानशी पांढरी तबकडी, बक्कल मधल्या भोकात. सेन्योर एलादिओनं पट्ट्याखाली करंगळीचं टोक सरकवून दाखवलं होतं. “घड्याळानं मनगटाला धरावं, पकडू नये,” ते म्हणाले होते, आणि विसेंतानं जणू आपलंच वाक्य कुणीतरी चोरलं अशी मान हलवली होती. आता एप्रिलात पुन्हा एकदा खात्री करायची म्हणून पेटी उघडली, बक्कल त्याच मधल्या भोकात लावलं, नुरियानं हात खाली सोडला आणि घड्याळ मनगटाचं हाड ओलांडून पार पंजावर आलं, तबकडी फिरून तळव्याकडे गेली.

“कातडं सैल पडलं,” विसेंता म्हणाली.

“पेटीत पडून कातडं सैल पडत नाही, बाईसाहेब.”

“मग तुम्ही पट्टा बदलला असेल. दुकानात एवढी गिऱ्हाइकं. होतं एखाद्याकडून.”

“माझ्याकडून?” सेन्योर एलादिओनं चष्मा कपाळावर सरकवला. “चाळीस वर्षांत माझ्या दुकानात दोन गोष्टी बदलल्या. एक शटर आणि दुसरी माझी तब्येत.”

होआकिन, म्हणजे ब्लांकाचा नवरा, चित्र बघावं तसा मागे सरून उभा राहिला. “वरून बघू नका कुणी,” तो म्हणाला. “घड्याळ वरून नेहमीच मोठं दिसतं. आरशात बघायचं. लोकांना आपण आरशात दिसतो तसे दिसतो.” त्यानं नुरियाला खांद्याला धरून आरशापुढे नेलं. त्याच्या स्वतःच्या मनगटावर बशीएवढं एक घड्याळ होतं, समुद्राच्या तळाशी चालणारं. सारागोसात समुद्र नाही, आणि होआकिनला पोहता येत नाही. आरशात चार माणसं आणि एक मुलगी दिसत होती आणि चारही माणसं मुलीच्या हाताकडे, म्हणजे घड्याळाकडे बघत होती. विसेंताचं म्हणणं असं, की मुलांचं सगळं पुढच्या मापाचं घ्यावं, बूट, कोट, घड्याळ. अंगानं भरली की आपोआप बसेल. सेन्योर एलादिओचं म्हणणं असं, की पट्टा अडकवायचे दोन कान मनगटाच्या सपाटीबाहेर डोकावता कामा नयेत, बाकी सगळं पट्ट्याच्या हातात. त्यांनी पितळी पट्टी काढली, तबकडीची रुंदी घेतली, कानांपासून कानांपर्यंत लांबी घेतली आणि नुरियाचा हात उताणा करून त्यावर पट्टी आडवी धरली. “जानेवारीत इथे जागा उरत होती,” ते पुटपुटले. “आता घड्याळ काठावर आलंय. विचित्र आहे.” मग स्वतःशीच मान हलवून म्हणाले, “थंडीत मुलांचे हात सुजतात. तेव्हा सुजलेले असतील.” अशी सगळ्यांची अब्रू राखणारी तोड निघाल्यावर त्यांनी भोक पाडायची पक्कड उचलली, शेवटच्या भोकाच्याही पुढे पट्ट्यावर नखानं खूण केली आणि पक्कड दाबली. कट्‌ असा बारीक आवाज झाला, कातड्याची टिकली काचेवर पडली. आणि नुरिया हसली.

दुसऱ्या कुणी ते पाहिलं नाही. ब्लांका बघणारी बाई होती, बघणं हाच तिचा आजार आहे असं होआकिन म्हणत असे: गॅसची कळ, खिडकीची कडी, दुधावरची तारीख, शाळेच्या सहलीच्या बसचे टायर. पण ते हसू तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. भेट मिळाल्याचं ते हसू नव्हतं. गणित सुटलं आणि बाईंनी वहीवर बरोबरची खूण केली की मुलं ओठ मिटून हसतात, तसं होतं. बक्कल नव्या भोकात लागलं. सेन्योर एलादिओनं करंगळी सरकवली, नुरियानं हात झटकला, घड्याळ जागचं हललं नाही. “आता बरोबर बसलं,” विसेंता म्हणाली. “बरोबर बसलं,” होआकिन म्हणाला. ब्लांकानं मुलीचा हात आपल्या हातात घेतला, पट्ट्याच्या वर, अंगठा आणि मधल्या बोटाचं कडं करून धरला. अंगठा मधल्या बोटाच्या नखावरून पुढे गेला, दुसऱ्या पेरापाशी जाऊन थांबला. आणि तिला असा संताप आला की क्षणभर तो कुणावर करायचा हेच कळेना, काचेवर पडलेल्या त्या कातड्याच्या टिकलीवरसुद्धा तो पुरला असता.

बाहेर वारा सुटला होता. या शहरात वारा सुटला की लोक भिंतीच्या कडेनं चालतात आणि बोलणं आपोआप थांबतं, ते एका परीनं बरंच झालं. नुरिया पुढे यायाचा हात धरून चालली होती. फुगीर जाड कोट, त्याखाली स्वेटर, त्याखाली आणखी एक. नोव्हेंबरपासून आपण या मुलीला असंच बघतोय, कांद्यासारखी पापुद्र्यांत गुंडाळलेली, असं ब्लांकाच्या मनात आलं. आंघोळ ती एकटी करते, कडी लावून, नववं लागल्यापासून. दुपारचं जेवण यायाकडे, कारण ब्लांका बदली शिक्षिका म्हणून भूगोल शिकवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. संध्याकाळी चर्चमधली गाण्याची तालीम. रात्री “यायाकडे खूप झालं”. तीन ठिकाणी वाटलेलं जेवण, म्हणजे कुणाच्याच घरातलं नाही. आपण उष्मांक मोजतो, लेबलं वाचतो, मुलीला लोह कमी पडू नये म्हणून बुधवारी मसूर करतो, आणि ती मसुराची वाटी कुठे जाते ते विचारत नाही. तिला आपल्या वडिलांची आठवण झाली. तिच्या कम्युनियनचं घड्याळ वडिलांनीच आणलं होतं, गावच्या जत्रेतून, निळ्या तबकडीचं. वडिलांचा नियम सोपा होता: “घड्याळानं मनगटाच्या खिडकीतून वाकून बाहेर बघू नये. बघत असेल तर ते दुसऱ्याचं घड्याळ.” ते मनगटाच्या खिडकीतून वाकत होतं. वडिलांनी जत्रेच्या गर्दीत परत जाऊन ते बदलून आणलं, दुसरं लाल तबकडीचं मिळालं, आणि तिला निळंच हवं होतं म्हणून ती रस्ताभर रडली. झगा थोरल्या चुलत बहिणीचा होता. तोही काखेत धरत होता. आईनं खुर्ची दारात ओढली, दोन्ही कडांच्या शिवणी उसवल्या, आत दाबून ठेवलेलं कापड बाहेर काढलं आणि पुन्हा टीप घातली. त्या जागी पांढऱ्याची एक जास्त पांढरी रेघ दिसत होती. कुणी काही बोललं नाही. झगा उसवायचा असतो, एवढं साधं होतं ते. हे आठवलं तशी ती चालता चालता थांबली आणि मागून येणारा एक म्हातारा तिच्यावर आदळला आणि म्हणाला, “बाई, वाऱ्यात विचार करू नये.”

घरी आल्यावर तिनं होआकिनला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“तिचा हात बघितलास?”

“बघितला की. आता छान बसलंय.”

“घड्याळ नाही. हात.”

“हात काय बघायचा? हात रोज धरतो मी.”

“रस्ता ओलांडताना. कोटाच्या बाहीवरून.”

होआकिननं फ्रीज उघडला, त्यातून काही न घेता बंद केला. “तुला काय म्हणायचंय? आई तिला उपाशी ठेवते?”

“मी अजून काहीच म्हटलेलं नाही. तूच म्हणालास.”

“सणाला महिना राहिला आणि तुला आत्ताच सुचतंय सगळं.” तो हळू बोलला, कारण भिंती पातळ होत्या आणि शेजारीण सणाला येणार होती. “चामडं ताणलं जातं, ब्लांका. झालं.”

तालमीला जायच्या आधी नुरियाचा स्वेटर काढायला ती स्वतः गेली. मुलगी म्हणाली, मी काढते, तरी तिनं सोडलं नाही. लोकर डोक्यावरून निघाली, बनियन त्याबरोबर वर गेलं आणि मुलीची पाठ दिसली. मणक्यांची एक ओळ मानेपासून कमरेपर्यंत, सारख्या अंतरावर, गोल आणि उठून दिसणारी, अगदी त्या झग्याच्या पाठीवरच्या बटणांसारखी. मुलीनं घाईघाईनं बनियन खाली ओढलं.

“दुपारी यायाकडे काय खाल्लंस?”

“सफरचंद.”

“आणि?”

“सफरचंदच. आज शनिवार ना, शनिवारी अख्खं.”

“कुणी सांगितलं तुला असं खायला?”

“कुणी नाही.” नुरियानं खरोखरच विचार करून उत्तर दिलं. “याया म्हणते, सगळ्यात वरचं बटण लागलं की झालं. एकच राहिलंय, आई. आधी तीन राहिली होती.” ती हे अभ्यास उरकत आल्यासारखं सांगत होती. “पाव मी खाली टोनीला देते. टोनी जाड झालाय.” टोनी म्हणजे तळमजल्यावरचा कुत्रा. “आणि कम्युनियन झालं की खायचंच आहे सगळं. मेर्चे आत्यानंपण तसंच केलं होतं. तूच हसलीस तेव्हा.”

तूच हसलीस तेव्हा. त्यानंतर ब्लांकानं काय केलं ते तिला नंतर सलग आठवेना. टोमॅटो चोळलेला पाव केला होता, ऑम्लेट केलं होतं, दूध तापवलं होतं, आणि ते सगळं टेबलावर मांडून ती मुलीसमोर बसली होती, आणि मुलगी ऑम्लेटचे इतके बारीक तुकडे करत होती की शेवटी त्यातलं काही खाल्लं की नाही हे कळू नये. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत आईविषयी एवढा राग असू शकतो, की ही बाई माझी महिन्यांची मेहनत एका ऑम्लेटात बुडवायला बसलीय. आणि ब्लांकाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, पुन्हा पुन्हा, दात दुखावा तशी: घड्याळाला मोठं असायची मुभा आहे. बुटांना आहे, कोटाला आहे. अंगानं भरली की बसेल. पण पोरीनं मात्र झग्याहून लहान व्हायचं. घड्याळ मुलीकडे बघून निवडायचं आणि मुलगी झग्याकडे बघून कापायची, आणि हे दोन्ही एकाच तोंडानं, एकाच टेबलावर, एकाच बाईनं ठरवायचं, आणि बाकीच्यांनी आरशात बघून “बरोबर बसलं” म्हणायचं. मेर्चेनं तर सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं, कारण त्या घरात दुसऱ्या कुठल्या रीतीनं काही सांगताच येत नाही.

रविवारी सगळे विसेंताकडे जेवायला होते. झगा तिच्या पलंगावर पसरून ठेवलेला होता, निळसर पातळ कागदात, बाह्या छातीवर दुमडून. ब्लांका न विचारता खोलीत गेली. तिनं झगा उलटा केला. आतून तो आणखी लहान दिसत होता. तिनं शिवणी उलगडून बघितल्या, कडेच्या, खांद्याच्या, काखेतल्या. कुठेच माया सोडलेली नव्हती. कापड शेवटच्या दोऱ्यापर्यंत वापरलेलं, टाके अगदी काठावर, त्याच्या पलीकडे एक सूतही नाही. हा झगा उसवून वाढवणं शक्यच नव्हतं. तिला हे पाहून जो धक्का बसला तो वेगळाच होता. आतापर्यंत तिला वाटत होतं की कुणीतरी आडमुठेपणानं शिवण उसवू देत नाहीय.

“आत काय शोधतेस?” विसेंता दारात उभी होती, कमरेला ऍप्रन, हातात कालथा.

“हा कशाचा शिवलाय?”

“चादरीचा. माझ्या मावशीच्या लग्नातली चादर. सत्तेचाळीस साली तुला कापड कुठे मिळणार होतं? आईनं तीन रात्री बसून शिवला. मी नऊ वर्षांची होते, मला जसाच्या तसा बसला. मेर्चेला बसला. तुझ्याच मुलीला बसू नये म्हणजे काय? तिची हाडं काय वेगळ्या मातीची आहेत?”

“हा नऊ वर्षांच्या मुलीचा झगा नाही, विसेंता,” ब्लांका म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द ठेवत बोलत होती. “हा उपाशी मुलीचा झगा आहे.”

बाहेरच्या खोलीत होआकिन वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

“आमच्या घरात कुणी उपाशी नव्हतं,” विसेंता म्हणाली. “कधी संध्याकाळी नसायचं, एवढंच. सगळ्यांकडेच नसायचं. आम्ही ते दाराबाहेर नाही नेलं. माझ्या आईनं कुणापुढे हात पसरला नाही.” ती पलंगाच्या कडेवर बसली, कालथा मांडीवर. “चर्चमधून आल्यावर सगळ्या मुलींना कपभर चॉकलेट दिलं, दाट, खरं चॉकलेट. मी एका दमात प्यायले आणि तिथेच नन्सच्या पायावर ओकले. पोटाला सवय नव्हती. आई मला मारायला धावली, झग्यावर उडालं असतं तर? पण झग्यावर थेंब नाही उडाला.” विसेंता हसली. ही गोष्ट ब्लांकानं दर नाताळात ऐकली होती आणि दर नाताळात सगळे हसले होते. आज दोघींपैकी एकच हसली आणि ते हसू खोलीत एकटंच राहिलं. “त्या दिवशी मी सुंदर दिसत होते,” विसेंता म्हणाली. “गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. मला पुन्हा कधी कुणी तसं बघितलं नाही.”

ब्लांकाला तिची कीव आली, आणि कीव आल्यामुळे आणखी संताप आला, कारण कीव आली की माणूस गप्प बसतं, आणि या घरातली माणसं एकमेकांची कीव करून करूनच पन्नास वर्षं गप्प बसली होती. “तुम्हाला जेवायला मिळत नव्हतं,” ती म्हणाली. “तुमच्या आईनं शिवला तो तुमच्या अंगावर. जे अंग होतं त्यावर. तिनं तुम्हाला कापलं नाही, कापड कापलं. तुम्ही माझ्या मुलीला कापताय.”

“मी तिच्या तोंडातला घास काढला का? तिनंच ठरवलं. मी फक्त बटणाचं बोलले.”

“ती नऊ वर्षांची आहे.”

“मीपण नऊ वर्षांची होते,” विसेंता म्हणाली, आणि कालथा उचलून निघून गेली, कारण चुलीवरचं काहीतरी लागल्याचा वास येत होता.

त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. नुरियाला तेवढंच निमित्त मिळालं. गाडीत होआकिन म्हणाला, “माझ्या आईला तू खाटीक म्हणालीस.” ब्लांका म्हणाली, “मी कापणारी म्हणाले. खाटकाला दुकान लागतं.” पण सोमवारी दवाखान्यात तो बरोबर आला, मुलीला वजनकाट्यावर उभं करताना त्यानं स्वतः तिचा हात धरला, कोट न घातलेला हात, आणि काटा स्थिर झाल्यावर बराच वेळ तो सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, मागचा आकडा बघितला आणि मुलीला बाहेर बसायला सांगितलं. “घाबरवू नका तिला,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही जरूर घाबरा.”

ब्लांकानं चर्चमध्ये जाऊन सांगितलं, की नुरिया तिथला साधा पांढरा सैल अंगरखा घालेल, जो कुणालाही होतो. तिसऱ्या दिवशी नुरिया म्हणाली, “त्यात मी पोतं दिसते. मग मी सगळं कशासाठी केलं?” ब्लांकानं फक्त समोर ताट ठेवलं आणि ते रिकामं होईपर्यंत उठली नाही. मे महिन्यात सण झाला. विसेंता चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. जेवणाच्या वेळी तिनं पेटी उघडून घड्याळ मुलीच्या हातावर चढवलं, आणि आता नव्या भोकात बक्कल ओढून लावावं लागत होतं. “घट्ट होतंय,” विसेंता म्हणाली, वाईट बातमी सांगावी तशी. ब्लांकानं उठून सगळ्यांदेखत बक्कल एक भोक मागे घेतलं. नुरियानं टेबलाखाली हात नेऊन ते पुन्हा पुढच्या भोकात लावलं. रात्री काढलं तेव्हा मनगटाभोवती लाल चर उमटलेला होता. आजही मुलगी खाते, खरंच खाते, गालांवर थोडी चरबी आलीय, पण बक्कल कुठल्या भोकात आहे यावरून दर सकाळी दोघींची झटापट होते. डॉक्टरीणबाई म्हणतात, घड्याळ काढून घ्या. होआकिन म्हणतो, माझ्या आईनं दिलेलं आहे. ब्लांका म्हणते, काढून घेतलं तर ती अंगठा आणि बोटानं मोजेल. ते मोजमाप तर कुणाला काढून घेता येत नाही. म्हणून घड्याळ हातावर आहे आणि ब्लांका दर सकाळी ते एक भोक मागे लावते.

हे इथेच थांबलं असतं तर ब्लांकाचा संताप कधीतरी निवला असता. पण जूनमध्ये विसेंता झगा घेऊन निघाली, निळसर कागदासकट. तेरुएलला मेर्चेकडे पोचवायला. मेर्चेची मुलगी ओलाया आठ वर्षांची आहे, तिचं कम्युनियन पुढच्या मे महिन्यात. ब्लांकानं त्याच दिवशी फोन केला. “अगं, तिला अजून वर्ष आहे,” मेर्चे हसत म्हणाली. “आणि ती तुझ्या मुलीसारखी हट्टी नाही, हळूहळू होईल.” ब्लांका म्हणाली, तू स्वतः सांगितलं होतंस मला, संत्र्यांचं. “मी गंमत करत होते,” मेर्चे म्हणाली. “तुला गंमतसुद्धा कळत नाही का?” नंतरचे फोन यंत्रानं घेतले. जुलैत ते तिघं तेरुएलला गेले तर मेर्चे त्यांना स्टेशनाजवळच्या कॅफेत भेटली, एकटीच. ओलाया पोहायला गेली होती. ऑगस्टमध्ये ती शिबिराला गेली होती. होआकिन म्हणतो, बहिणीच्या घरात आपण किती नाक खुपसायचं, आणि ब्लांकाला माहीत आहे की यापुढे तिच्यासाठी ते दार उघडणार नाही. कुणाकुणाला सांगून झालं. सगळे म्हणतात, आई आहे ना तिची.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं तेरुएलला जाणं झालं, कामानं, लग्नाला, नुसतं बस बदलायला, तर ब्लांकाचं एवढं ऐका. बसस्थानकाच्या मागे जो चढ आहे तो चढून गेलात की औषधांचं दुकान लागतं, त्यावरचा दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल वाजवा. पत्ता चुकला म्हणा, पाणी मागा, वर्गणी मागा, काय वाटेल ते सांगा. दार एक हसरी बाई उघडेल, तिच्याशी भांडू नका. मुलगी गोल गालांची आहे, केस आखूड, समोरचा एक दात अर्धवट आलेला. ती दिसली की तिलाच विचारा, आज दुपारी काय खाल्लंस, आणि तिनं सांगेपर्यंत तिच्याकडे बघत राहा. बाई म्हणेल, ती झोपलीय, ती पोहायला गेलीय, ती आजीकडे आहे. तुम्ही म्हणा, हरकत नाही, आम्ही थांबतो.